साखरेचा आजार लपवू नका, तपासून घ्या!

साखरेचा आजार शेठजींना होतो, राबणाऱ्याला होत नाही, असा समज आपल्या वस्त्यांत अजूनही घट्ट आहे. हा समज खोटा आहे आणि जीवघेणाही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. राज्यघटनेचा मसुदा तयार होत असताना त्यांचे पाय दुखत, रात्री झोप लागत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाह झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. पथ्य आणि औषध त्यांनी सांभाळले. बाबासाहेबांनी आजार नाकारला नाही, उपचार घेत काम केले. मग आम्ही का लाजतो?

आपल्या स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा रस निघतो. तो रक्तातील साखर पेशींपर्यंत पोचवतो. तो कमी पडला किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला की साखर रक्तातच साचते आणि डोळे, मूत्रपिंड, हृदय व पायांच्या नसा पोखरते. सुरुवातीला काही दुखत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. पायाची संवेदना गेली की शेतात काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाय कापावा लागतो. हातावर पोट असलेल्या घराचा तो कणाच मोडतो.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा. १०० ते १२५ असेल तर तो इशारा समजा.

आमच्या खानदेशात पूर्वी कळण्याची भाकरी, पालेभाजी आणि दिवसभर चालणे होते. रेशनवर गहू-तांदूळ आला, चालणे मोटारसायकलने खाल्ले, आणि प्रत्येक कार्यक्रमात गोड व तळलेले आले. भाकरीही मोजूनच खावी. जळगावचे केळे विष नाही, पण एका वेळी दोन-तीन नकोत. आठवड्यातून किमान पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. तंबाखू सोडा. दारू तर २२ प्रतिज्ञांनीच वर्ज्य केली आहे. कारल्याच्या रसावर विसंबून गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नका. रोज पाय तपासा, वर्षातून एकदा डोळे दाखवा.

पण केवळ उपदेशाने भागणार नाही. संविधानाच्या ४७ व्या कलमाने लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. तिशीपुढील प्रत्येकाची मधुमेहाची तपासणी हा सरकारचाच कार्यक्रम आहे. आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ती मागा. यंत्राच्या पट्ट्या नाहीत, गोळ्या संपल्या असे उत्तर मिळाले, तर लेखी अर्ज द्या व पोच घ्या. ही भीक नव्हे, हक्क आहे.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी होते. त्या स्मृतीत दरवर्षी तेथे यात्रा भरते. कार्यकर्त्यांना आमचे सांगणे इतकेच: यंदा तेथे पुस्तकांच्या दुकानाशेजारी रक्तातील साखर तपासणारे एक टेबल मांडा. पहिले बोट नेत्यांनी पुढे करावे.