सूर्याची दुरुस्ती

'दे माइट बी जायंट्स' या अमेरिकी बँडवर 'विनोदी' असा शिक्का बसला, तो आजवर पुसला गेलेला नाही. जॉन फ्लान्सबर्ग आणि जॉन लिनेल हे मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावचे शाळासोबती. १९८१ साली दोघे ब्रुकलिनला एकाच इमारतीत राहायला आले. गिटार, अकॉर्डियन आणि टेपवर भरून ठेवलेले ड्रम, एवढाच त्यांचा वाद्यमेळ.

१९८३ मध्ये लिनेलचं मनगट मोडलं, फ्लान्सबर्गच्या घरी चोरी झाली आणि कार्यक्रम थांबले. मग दोघांनी आन्सरिंग मशीनवर गाणी भरली आणि 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये जाहिरात दिली: फोन लावा, गाणं ऐका. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी श्रोताही एकच. मशीन सारखं बिघडे. पण त्याला सतत नवं गाणं पुरवावं लागे. दीड-दोन मिनिटांत गाणं पुरं करण्याचं त्यांचं कसब याच मशीनने घासूनपुसून घेतलं असणार.

पुढचं चाहत्यांना पाठच आहे. १९९० चा 'फ्लड', त्यातलं रात्रीच्या दिव्याने गायलेलं 'बर्डहाउस इन युअर सोल' ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर, मग 'माल्कम इन द मिडल'च्या शीर्षकगीतासाठी २००२ चा ग्रॅमी.

त्यांचं खरं मोठेपण मात्र एका उसन्या गाण्यात दिसतं.

१९५९ साली मुलांना विज्ञान शिकवणारी 'स्पेस साँग्ज' ही तबकडी निघाली. शब्द हाय झॅरेट यांचे ('अनचेन्ड मेलडी' लिहिणारे तेच), संगीत लू सिंगर यांचं, आवाज टॉम ग्लेझर यांचा. त्यातलं 'व्हाय डझ द सन शाइन?' हे गाणं सूर्याला तापून उजळलेल्या वायूचा गोळा म्हणतं. दोन्ही जॉननी ते मंचावर वर्षानुवर्षं गायलं, १९९३ मध्ये ध्वनिमुद्रितही केलं.

२००९ मध्ये त्यांनी मुलांसाठी 'हिअर कम्स सायन्स' हा अल्बम केला, तोही 'न्यूयॉर्क हॉल ऑफ सायन्स'मधल्या तज्ज्ञाकडून मजकूर तपासून घेऊन. आता तो वायू अडचणीचा होता. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश सेल्सिअसच्या घरात असतं. तिथे इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे होतात आणि उरतो तो वायू नव्हे, प्लाझ्मा. जुनं गाणं गाळता आलं असतं, एखादा शब्द गुपचूप बदलताही आला असता. त्यांनी तसं केलं नाही. जुनं गाणं जसंच्या तसं ठेवलं आणि लगेच पुढे नवं गाणं जोडलं, 'व्हाय डझ द सन रिअली शाइन?'. हे नवं गाणं आधीचं चूक होतं असं सरळ सांगतं आणि प्लाझ्मा म्हणजे काय तेही समजावतं.

विज्ञान स्वतःची चूक कशी सुधारतं, हे आठ वर्षांच्या मुलाला इतक्या थोडक्यात आणि इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं दुसरं काही सहज सापडणार नाही. घरात त्या वयाचं मूल असेल, तर ही दोन गाणी त्याला लागोपाठ ऐकवा, आणि याच क्रमाने.