शॅननची हुंडी

बेल लॅब्जच्या नियतकालिकात १९४८ साली क्लॉड शॅनन यांचा लेख जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांत छापून आला. त्यातलं मुख्य विधान त्या काळच्या अभियंत्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. वाहिनीत गोंगाट असला तरी तिची एक ठरलेली क्षमता असते आणि त्या क्षमतेच्या आत राहिलात, तर संदेश हवा तितका बिनचूक पोचवता येतो. चुका कमी करायच्या तर वेग मारायचा, ही तोवरची समजूत त्यामुळे मोडीत निघाली. पण असे कोड असतात, एवढंच शॅनन यांनी सिद्ध केलं, तेही यादृच्छिक कोडांची सरासरी काढून. ते नेमके कुठले आणि उलगडायचे कसे, यावर लेख गप्प आहे. हुंडी लिहिली गेली, पेढीचा पत्ता मात्र नव्हता. ती वटायला साठ वर्षं लागली.

पाठ्यपुस्तकं ही साठ वर्षं पटकन उरकतात. खरी अडचण कोड रचण्यात नसून डिकोडिंगमध्ये, म्हणजे आलेला शब्द उलगडण्यात आहे. हजार बिटांचा, निम्म्या दराचा (म्हणजे त्यातले ५०० बिट संदेशाचे) यादृच्छिक कोड घेतला, तर आलेला शब्द २ च्या ५०० व्या घाताइतक्या शब्दांशी ताडून पाहावा लागेल. विश्वातले अणू मोजले तरी ते इतके भरत नाहीत.

बेल लॅब्जमधल्याच रिचर्ड हॅमिंग यांना सुट्टीच्या दिवशी चूक दिसली की काम सोडून देणाऱ्या रिले-संगणकानं वैताग आणला होता. त्यातून १९५० चा कोड निघाला. तो हातानं करून पाहावा असा आहे. सात जागांपैकी ३, ५, ६, ७ वर संदेश ठेवा. १, २, ४ वर तपासनीस. पहिला १, ३, ५, ७ मधल्या एकांची संख्या सम राखतो, दुसरा २, ३, ६, ७ मधली, तिसरा ४, ५, ६, ७ मधली. वाटेत सहावा बिट उलटला, तर २ आणि ४ वरचे तपासनीस तक्रार करतात. दोन नि चार सहा. चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

पुढचं दशक बीजगणिताचं. चॅपेल हिलला आर. सी. बोस आणि रायचौधुरी, त्यांच्याआधी वर्षभर फ्रान्समध्ये होकेनगेम, असा बीसीएच कोड तिघांच्या नावे आहे. याच बोस यांचे विद्यार्थी शरच्चंद्र श्रीखंडे, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेले. लॅटिन चौरसांबद्दलचा ऑयलरचा अंदाज खोटा पाडणाऱ्या त्रयीतले म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. पण त्याच १९५९ साली बोस-श्रीखंडे यांनी हॅडमार्ड सारण्या आणि कोड यांचं नातं दाखवणारी टिपणीही लिहिली, हे सहसा सांगितलं जात नाही. मंगळाची छायाचित्रं पाठवणाऱ्या मरिनर ९ वरचा रीड-मुलर कोड, ६ बिटांसाठी ३२ बिट, याच सारण्यांच्या कुळातला. १९६० चा रीड-सॉलोमन कोड तर आज भाजीवाल्याच्या गाडीवरच्या क्यूआर कोडमध्ये आहे.

हे सगळे कोड उपयोगी ठरले, पण शॅननच्या मर्यादेपासून लांबच राहिले. रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० च्या प्रबंधात एलडीपीसी, म्हणजे विरळ तपासण्यांचा कोड मांडला होता. तो पेलतील असे संगणकच तेव्हा नव्हते, म्हणून तो अडगळीत गेला. १९९३ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत बेरू आणि ग्लाव्हिए यांनी शॅननच्या मर्यादेला भिडणाऱ्या टर्बो कोडचे आकडे मांडले, तेव्हा गणितात चूक असणार असंच अनेक जाणकारांना वाटलं. इतरांनी करून पाहिलं आणि आकडे जुळले. मग गॅलागरही अडगळीतून बाहेर आले.

तरीही उलगडता येणारा एखादा ठरावीक कोड त्या मर्यादेपर्यंत पोचतो, याची सिद्धता बाकी होती. ती २००९ मध्ये अंकाऱ्याच्या बिल्केंट विद्यापीठातल्या एर्दाल अरिकान यांनी दिली. ते गॅलागर यांचेच विद्यार्थी. निम्मे बिट वाटेत पुसून टाकणारी वाहिनी घ्या. ती दोनदा वापरायची. एकदा दोन बिटांची बेरीज पाठवायची, एकदा दुसरा बिट तसाच. पहिला ओळखायला दोन्ही पोचावे लागतात, म्हणून तो ३/४ वेळा हरवतो. तो कळल्यावर दुसरा फक्त १/४ वेळा हरवतो. गोळाबेरीज तीच, पण एक वाहिनी बिघडली आणि एक सुधारली. पुन्हा तेच करा: १५/१६, ९/१६, ७/१६, १/१६. असं करत गेलं की जवळपास सगळ्या वाहिन्या निर्दोष तरी होतात, नाही तर निकामी. निर्दोषांवर संदेश, निकामींवर आधीच ठरलेली शून्यं. इतक्या साध्या युक्तीला इतकी वर्षं लागावीत, याचं मला अजून नवल वाटतं.

व्यवहारात मात्र लहान लांबीला अरिकान यांचा हा पोलर कोड अडखळतो. एकाऐवजी अनेक शक्यतांची यादी सोबत ठेवणाऱ्या ताल आणि वार्डी यांच्या डिकोडरनं त्याला सावरलं. ५जी मध्ये नियंत्रण-संदेश पोलरकडे गेले, पण डेटाचा सगळा भार एलडीपीसीवर आहे. सिद्धता एकाकडे, कामाचा लोंढा दुसऱ्याकडे, असा हा निकाल आहे आणि मला तो योग्यच वाटतो.

आता झगडा आखूड कोडांचा आणि क्वांटम संगणकांसाठीच्या एलडीपीसीचा. तिथेही चांगले कोड हाती येऊ लागले आहेत; घाम निघतो तो ते वेळेत उलगडताना. म्हणून एम.टेक. किंवा पीएच.डी.ला या विषयाकडे वळणाऱ्यांना एकच विनंती: डिकोडिंगचं प्रकरण सत्राच्या शेवटी ढकलू नका, अभ्यास तिथूनच सुरू करा.