नाताळच्या कोंबडीत गोव्याची चोरिस

पनवेलजवळच्या कोनमध्ये आमच्या घरी नाताळच्या कोंबडीत सारण भरायचं ते गोव्याच्या चोरिसचंच. डुकराचं मटण, माडीचं व्हिनेगर, लाल मिरची, लसूण आणि मीठ कालवून आतड्यात भरायचं, सुतळीने गाठी मारायच्या नि वाळवायचं, ही पद्धत पोर्तुगीज अमलात गोव्यात रुजली. मीठ आणि व्हिनेगर असल्यामुळे चोरिस टिकतेही.

चोरिस सोलून मंद आचेवर परतली की लालभडक चरबी सुटते. कांदा त्यातच परता, वेगळं तेल नको. सारणात अळंबीही हवी, पण रानातली अळंबी पावसाळ्यातली. डिसेंबरात पनवेलच्या बाजारातली बटण मशरूमच घ्यावी लागतात. ती मात्र वेगळ्या तव्यावर, मोठ्या आचेवर, सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. इथे घाई केली की सारण गिच्च होतं. मग शिळे पाव कुस्करून घाला, वर थोडं सूप शिंपडा. मीठ चव घेऊनच, कारण चोरिस मुळातच खारट. मला यात बेदाणे मुळीच आवडत नाहीत.

भाजायच्या अगदी आधी सारण सैलसर भरा. पाव रस पिऊन फुगतो. कोंबडीच्या पोटातला मधला भाग सगळ्यांत उशिरा तापतो. तिथे ७४ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय कुणाच्याही पानात वाढू नका.