घरातल्या बाईचे अंग दुखते तेव्हा

एरवी मी आपल्याशी बियाणे, खते आणि फवारणीविषयी बोलतो. आज मात्र घरातल्या एका दुखण्याविषयी बोलणार आहे.

माझ्या थोरल्या वहिनी खुरपणी-काढणीत कुणाच्या मागे राहत नसत. पुढे त्यांचे सारे अंग दुखू लागले. आज खांदे, उद्या कंबर, परवा मांड्या. रात्रभर झोपूनही सकाळी अंग दिवसभर मळणी केल्यासारखे. चुलीवर दूध ठेवले की विसरत. रक्त तपासले, फोटो काढला, सारे ठीक. मग घरात कुजबूज सुरू झाली, "काम नको म्हणून सोंग घेते." सांगायला लाज वाटते, पण त्या कुजबुजीत मीही होतो. तीन वर्षांनी शहरातल्या डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले: फायब्रोमायल्जिया.

हे सोंग नव्हे

तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखणे, सततचा थकवा, झोपूनही न भागणारी झोप आणि विसराळूपणा ही याची लक्षणे. शंभरांत दोन ते चार जणांना हा विकार असतो, बायकांना अधिक. यात सांधे सुजत नाहीत की झिजत नाहीत, म्हणून फोटोत काही दिसत नाही. बिघाड असतो वेदनेचा निरोप पोचविणाऱ्या मज्जासंस्थेत. साध्या दाबाचाही तिथे ठणका होतो.

खवट तेलाची गोष्ट

शेंगदाण्याचे तेल उघडे राहिले तर खवट होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतला प्राणवायू तेलाला लागतो आणि ते बिघडते. शरीरातही असेच घडते. पेशी अन्न आणि प्राणवायू यांपासून शक्ती तयार करतात, तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे प्राणवायूचे काही बिघडलेले कण सुटतात. त्यांना विझवणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. ठिणग्या वाढल्या आणि विझवणारे कमी पडले, की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. पॅराक्वाट हे तणनाशक याच मार्गाने तण मारते. उन्हात ते पानात इतक्या ठिणग्या पेटवते की पान करपून जाते.

फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा अनेक अभ्यासांत मॅलोनडायअल्डिहाइड जास्त आढळले. तेल किती खवट झाले हे पाहायलाही हाच पदार्थ मोजतात! ठिणग्या विझवणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज कमी दिसले, आणि पेशींना शक्ती तयार करायला लागणारे कोएन्झाइम क्यू-10 सुद्धा. मात्र हा ताण दुखण्याचे मूळ आहे की दुखण्याचा परिणाम, हे अजून ठरलेले नाही. पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी, असे आपण लगेच म्हणतो का? मुळाशी पाणी साचले तरी पान पिवळे पडतेच.

मग करावे काय?

क्यू-10 च्या लहान प्रयोगांत काही रुग्णांना आराम पडला, पण तेवढ्यावर सर्वांना ते घ्या असे सांगता येत नाही. म्हणून कुणी महागडी 'अँटिऑक्सिडंट' पावडर विकायला आला, तर पैसे गाठीशीच ठेवा. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, टोमॅटो, गाजर, शेंगदाणे ही द्रव्ये देतातच, आणि परसात व शेतात पिकतात. त्याने दुखणे बरे होईल असा दावा मी करीत नाही. अंगाला पोषण मात्र नक्की मिळेल.

खरा भर हालचालीवर द्यावा. 2017 मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी या विकारावरचे सगळे उपाय पडताळले. त्यांत ठामपणे शिफारस केली ती फक्त व्यायामाची. नियमित व्यायामाने शरीराची ठिणग्या विझवण्याची ताकदही वाढते. आपण म्हणाल, "आमच्या बायका दिवसभर राबतात, तो व्यायाम नाही का?" नाही. तासन्‌तास वाकून खुरपणे म्हणजे कष्ट. मोकळ्या अंगाने चालणे म्हणजे व्यायाम. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चालावे, मग सोसेल तसे हळूहळू वाढवावे. झोपेची वेळ ठरलेली असावी.

आधी डॉक्टरांकडून रक्त कमी आहे का, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि संधिवात यांची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांतही अंग असेच दुखते. सांधे सुजले, ताप राहिला, वजन घटले किंवा हातापायांतली ताकद गेली, तर मुळीच थांबू नये. दर आठवड्याला सलाईन आणि वेदनाशामक इंजेक्शने घेणे हा यावर इलाज नव्हे. नाव नसलेल्या पुड्या तर घेऊच नयेत.

वहिनींचे दुखणे पूर्ण गेलेले नाही. पण पहाटे त्या शेजारणींबरोबर ओढ्यापर्यंत चालून येतात आणि जडशीळ हंडे आता दादा उचलतो. त्या एकदा म्हणाल्या, "भावजी, औषधाने थोडं बरं वाटलं, पण तुम्ही सगळ्यांनी खरं मानलंत, तेव्हा जास्त बरं वाटलं."

आपल्याही घरात कुणी "अंग दुखतंय" म्हणत असेल, तर आज तिच्याजवळ बसा आणि तिचे ऐकून घ्या.