बोलके आणि अबोल

सार्वजनिक जीवन हे मोठ्या आवाजाच्या माणसांचे क्षेत्र आहे, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी रुजलेली दिसते. चारचौघांत धिटाईने बोलणाऱ्या मुलाविषयी ‘हा पुढे नाव काढील’ असे भाकीत सहज केले जाते. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणाऱ्या मुलीविषयी मात्र ‘हिचे पुढे कसे व्हायचे?’ अशी काळजी व्यक्त होते. ही काळजी कितपत साधार आहे, हे ज्यांची चरित्रे सर्वांसमोर आहेत अशा व्यक्तींवरून तपासून पाहता येते.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ या संकल्पना सर्वत्र रूढ झाल्या. ज्याच्या मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे असतो तो बहिर्मुख. ज्याचा ओढा स्वतःच्या विचारांकडे आणि अनुभूतींकडे असतो तो अंतर्मुख. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी युंग यांच्या विचारांच्या आधारे सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. तेव्हापासून प्रसिद्ध व्यक्तींना या सोळा कप्प्यांत बसविण्याची अनेकांना हौस जडली. मात्र काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा दिली, तर अनेकांचा प्रकार बदललेला आढळतो. आजचे मानसशास्त्र स्वभावाचे काटेकोर कप्पे करीत नाही. अंतर्मुखता आणि बहिर्मुखता ही एकाच पट्टीची दोन टोके असून बहुसंख्य माणसे मध्ये कोठेतरी असतात, असे ते मानते.

तरीही काही माणसे टोकाजवळची वाटतात. आचार्य अत्रे हे बहिर्मुखतेचे ठळक उदाहरण होय. नाटक, विडंबन, चित्रपट, वृत्तपत्र आणि व्यासपीठ या सर्वच ठिकाणी त्यांना समोर माणसे लागत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी सभा गाजविल्या आणि १९५६ साली सुरू केलेल्या ‘मराठा’ दैनिकातून ती चळवळ घराघरांत नेली.

त्याच वर्षी, त्याच प्रश्नावर, अगदी निराळ्या स्वभावाच्या एका माणसाने आपले मोल मोजले. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४३ ते १९४९ या काळात त्यांनी हे पद सांभाळले आणि १९५० पासून ते केंद्रीय अर्थमंत्री होते. आकडे, संस्कृत काव्य आणि बागकाम यांत रमणारा हा मितभाषी, अभ्यासू गृहस्थ सभा जिंकण्यासाठी प्रसिद्ध नव्हता. परंतु मुंबईविषयीचा निर्णय ज्या रीतीने घेतला गेला आणि गोळीबाराच्या चौकशीस जो नकार मिळाला, तो त्यांना पटला नाही. १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि आपली कारणे लोकसभेत मुद्देसूदपणे मांडली. त्या शांत निवेदनाचे वजन महाराष्ट्राला नेमके कळले. चळवळीला अत्र्यांचा आवाज हवा होता, तसा देशमुखांचा राजीनामाही हवा होता.

दोन स्वभाव परस्परांना कसे पूरक ठरतात, याचे याहून कोमल उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. अत्यंत हळव्या आणि संकोची मनाच्या त्या शिक्षकाचे ते अंतरंग होते. गुरुजी गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९५३ साली, त्यावर चित्रपट काढला तो अत्र्यांनी, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतील पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. अबोल मनाने जे जपले, ते बोलक्या मनाने लाखो लोकांपर्यंत पोहोचविले. तथापि साने गुरुजी केवळ कोपऱ्यात बसून राहिले, असेही नव्हे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी गावोगाव हिंडून भाषणे केली आणि १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण आरंभिले. आतून पटलेल्या गोष्टीसाठी अंतर्मुख माणूसही व्यासपीठावर चढतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. अंतर्मुखता आणि बुजरेपणा या एक गोष्टी नव्हेत. एकांत आवडणे हा स्वभाव आहे. लोकांसमोर बोलण्याची धास्ती वाटणे ही अडचण आहे आणि ती सरावाने कमी होऊ शकते. महात्मा गांधी तरुणपणी कमालीचे बुजरे होते. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या बैठकांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले असता त्यांना प्रश्नच सुचेना. ते खाली बसले आणि त्यांनी पक्षकाराची फी परत केली. या संकोचाने आपल्याला शब्द जपून वापरायला शिकविले, असे पुढे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे.

अर्थात, दुरून पाहून कोणाच्याही स्वभावाचा निवाडा करणे धोक्याचेच. आपल्याला दिसतो तो व्यासपीठावरचा माणूस. दार लोटून घेतल्यानंतरचा माणूस दिसत नाही. सभेत गर्जणारा माणूस घरी तासन्‌तास एकटा लिहीत बसत असेल, आणि सभेत गप्प बसणारा घरी नातवंडांत खिदळत असेल. मग जो न्याय नामवंतांना, तोच आपल्या घरातल्या माणसांनाही लावावयास हवा. मुलाखतीत तरुणाने किती वाक्ये बोलली किंवा स्थळ पाहताना मुलगी किती मोकळी वाटली, यावरून त्यांच्या योग्यतेचा हिशेब मांडला जातो. बोलकेपणा लगेच दिसतो म्हणून तो जमेस धरला जातो. चिकाटी, विचार आणि निष्ठा यांची नोंद मात्र काळ गेल्यावरच होते.

म्हणून अबोल मुलाला सतत ‘बोल, बोल’ म्हणून ढकलण्यापेक्षा त्याच्या जवळ बसावे आणि त्याला काय सांगायचे आहे ते ऐकण्याइतका वेळ द्यावा. बोलक्या मुलाला गप्प करण्यापेक्षा त्याच्या बोलण्याला अभ्यासाची जोड द्यावी. एकाच घरात एक अत्रे आणि एक देशमुख वाढत असतील, तर त्यांची तुलना न करता दोघांनाही जागा देणे हेच वडीलधाऱ्यांचे काम आहे.