ईस्टर आणि घरातली चिल्लीपिल्ली

"आई, येशू रविवारी उठणारच आहे ना? मग आज रडायचं कशाला?"

मैत्रिणींनो, गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चमधून घरी येताना पाच वर्षांच्या मुलानं असं विचारलं, तर तुम्ही काय उत्तर द्याल? मी म्हटलं, "गप्प बस, मोठा झालास की कळेल." आपण बहुतेकजणी असंच म्हणून सुटका करून घेतो. पण त्याच उपवासकाळात आमच्या सासूबाई गेल्या होत्या. ईस्टरच्या सकाळी चिरंजीवांनी दुसरा प्रश्न टाकला, "मग आजी कुठल्या रविवारी उठणार?" माझ्या हातातली मार्झिपानची बशी तशीच राहिली. तेव्हा उमगलं, की मुलं आपल्याबरोबर चर्चला येतात, अंडी खातात, पण या सणाचा अर्थ आपण त्यांना कधी हाती लागूच दिला नाही. मुलांना शुक्रवार कळला नाही, तर त्यांच्या वाट्याला रविवारची फक्त मिठाई येते.

त्यानंतर मी एक पथ्य पाळलं : पवित्र आठवड्यातला प्रत्येक दिवस त्या-त्या दिवशीच साजरा करायचा, आणि त्या दिवशी मुलांच्या हाताला एक तरी काम द्यायचं. आमच्या वसईत आणि नगरकडच्या मैत्रिणींच्या घरी जे होतं, त्यातून निवडून हे काही सांगते आहे.

आधी तारखेचं. ईस्टर दरवर्षी हलतो, कारण तो चंद्रावर ठरतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. तो 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यानच पडतो. 2026 साली 5 एप्रिल, तर 2027 साली 28 मार्च. चंद्राचा हिशेब आपल्याकडच्या मुलांना काही नवा नाही. पंधरा दिवस आधीपासून गच्चीवरून चंद्र दाखवत जा, वाट पाहण्याची गोडी लागते.

झावळ्यांचा रविवार

ईस्टरच्या आधीचा रविवार. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी खजुरीच्या डहाळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. आपल्याकडे माडाची झावळी हाताशी असते. चर्चमधून आशीर्वादित झावळी आणली, की तिच्या पातीचा छोटा क्रूस मुलांकडून विणून घ्या. वाकडातिकडा झाला तरी चालेल. तो वर्षभर तसबिरीमागे ठेवायचा. पुढल्या वर्षी अशाच सुकलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करतात, हे मुलांना जरूर सांगा. आपण विणलेला क्रूस पुढे कुठं जातो, याचं त्यांना भारी अप्रूप वाटतं.

याच दिवशी एका मातीच्या कुंडीत गहू किंवा मेथी पेरायची. नवरात्रात घटाखाली धान्य रुजत घालतात ना, तसंच. दाणा मातीत पडून मेला, तरच पुष्कळ पीक देतो, असं येशूनं म्हटलं आहे. पण हे आत्ता सांगायची घाई करू नका. रोज पाणी घालायचं काम तेवढं मुलांना द्या.

गुरुवार : पाय धुण्याचा दिवस

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले. चर्चमध्ये फादर बाराजणांचे पाय धुतात, त्यात बायकांचेही पाय धुण्याची अधिकृत मोकळीक 2016 साली मिळाली. घरी एक घमेलं, कोमट पाणी आणि स्वच्छ पंचा घ्या. आई-वडिलांनी मुलांचे पाय धुवावेत, मुलांनी एकमेकांचे. घरी कामाला येणाऱ्या मावशी असतील, तर त्यांनाही आग्रहानं बसवा. पाणी सांडेल, हसाहशी होईल, होऊ दे. दिवसभर भांडलेली दोन भावंडं एकमेकांचे पाय पुसताना पाहिली, की आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

शुक्रवार

गुरुवारच्या मिस्सात वाजलेली घंटा आता ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुकी असते. मुलांना ती शांतता ऐकायला लावा. घरातला टी.व्ही. बंद, मोबाइल कपाटात. आमच्याकडे त्या दिवशी पेज आणि लोणचं. लहानांना मात्र उपाशी ठेवू नका. कॅथलिक नियमानंसुद्धा उपवासाचं बंधन 18 वर्षांनंतर आणि मांस वर्ज्य करण्याचं 14 वर्षांनंतर सुरू होतं. ज्याला वाटेल त्यानं एखादा आवडीचा खाऊ आपण होऊन सोडावा, एवढं पुरे.

गोष्ट सांगताना खिळे-रक्ताचं वर्णन करून झोप उडवू नका. 'एका भल्या माणसाला अन्यायानं शिक्षा झाली, आणि त्यानं शिक्षा करणाऱ्यांनाही क्षमा केली,' इतकं लहानांना कळतं. सोप्या मराठीत वाचून दाखवायचं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' हाताशी असू द्या.

आणि "रडायचं कशाला?" याचं उत्तर? ते मला बायबलमध्येच सापडलं. लाजरस नावाचा मित्र वारला तेव्हा येशू त्याच्या कबरीपाशी गेला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरीही तो रडला. मुलाला जवळ घेऊन हेच सांगा : आपलं माणूस गेलं की रडू येतं. देवावर विश्वास असला तरीही येतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शनिवार : थांबण्याचा दिवस

हा दिवस आपण बायका स्वयंपाकात घालवतो आणि मुलं पायात पायात येतात. त्यांना सांगा, येशूच्या कबरीवर न्यायला सुगंधी द्रव्यं तयार करून त्या बायकाही शब्बाथ संपेपर्यंत थांबल्या होत्या. आपणही तयारी करू, पण चाखायचं उद्याच!

अंडी रंगवायला बाजारचे रंग नकोत. आठ-दहा कांद्यांची सुकी टरफलं चार कप पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. पाणी निवल्यावर त्यात सहा पांढरी अंडी सोडून दहा-बारा मिनिटं उकळा. छान तांबूस-तपकिरी रंग येतो. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून मलमलच्या तुकड्यात घट्ट बांधून उकळलं, तर पानाची नक्षी उमटते. आपल्या उकाड्यात ही अंडी दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा. पूर्वी युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला त्यांचं एवढं कौतुक. शिवाय बंद कवचातून जिवंत पिलू बाहेर येतं, हे कबरीतून उठण्याचं प्रतीक झालं.

मार्झिपानला घाबरू नका. काजूकतली येते तिला तेही येतं. एक कप साखर, अर्धा कप पाणी यांचा एकतारी पाक करा. दोन कप काजूपूड घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळा. उतरवून गुलाबपाणी आणि दोन थेंब बदामाचा अर्क घाला, मळा. कोमट झाल्यावर छोटी अंडी वळायचं काम मुलांचं.

रविवारची पहाट

रात्रीच्या विधीत चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात. लहानगी तोवर झोपलेली असतात. म्हणून पहाटे घर अंधारात ठेवून एक मेणबत्ती लावा, आणि तिच्यावरून एकेकाची पणती. कपडे-केस सांभाळा, मोठं माणूस शेजारी हवंच. नगरकडे पहाटे भजनं म्हणत प्रभातफेरी निघते. कडेवरची मुलंसुद्धा त्यात असतात.

मग आम्ही कबरस्तानात जातो. त्या पहिल्या पहाटे कबरीकडे बायकाच गेल्या होत्या, हे मी मुलींना मुद्दाम सांगते. आठवडाभर वाढवलेली ती हिरवी कुंडी मुलं आजीच्या कबरीवर ठेवतात. दाण्याची गोष्ट सांगायची ती इथंच.

पहिल्या वर्षी न जमलेलं उत्तर मी पुढल्या वर्षी इथंच दिलं. म्हटलं, "बाळा, आजी आता घरी परत येणार नाही. तिची आठवण येईल तेव्हा आपण दोघं रडू. पण देवाच्या घरी आपण सगळे पुन्हा भेटू, असा आपला विश्वास आहे. तो कुठला रविवार, हे आईलाही माहीत नाही."

तो थोडा वेळ गप्प होता. मग कुंडीला पाणी घालायला तांब्या घेऊन पळाला.