चार नंबरांची केस

आमच्या गल्लीतल्या एका टेम्पोचालकाला दुबईत ड्रायव्हरची नोकरी लागत होती. एजंटाशी बोलणं झालं, घरच्यांची समजूत काढून झाली, आणि पासपोर्ट पोलीस पडताळणीत अडकला. शेरा होता: गुन्हा दाखल, न्यायप्रविष्ट. गुन्हा 2014 चा. बाजाराच्या दिवशी टेम्पो मागे घेताना एका सायकलला धक्का लागला. सायकलवाल्याला खरचटलंही नाही, पण फिर्याद झाली. भारतीय दंड विधानाचं कलम 279, जोडीला मोटार वाहन कायद्याचं 184. हा गडी कोर्टात गेला, गुन्हा कबूल म्हणाला, दंड भरला, पावती गाडीच्या कप्प्यात टाकली. पुढे गाडीच विकली. “सर, पैसे भरले म्हंजे मिटलं ना?” असं तो मला विचारत होता, आणि त्याला काय सांगावं ते मला सुचेना. म्हणून त्याच्याबरोबर तालुक्याच्या कोर्टात गेलो.

1967 च्या पासपोर्ट कायद्याचं कलम 6 वाचलं तर गंमत कळते. फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. शिक्षा झालेल्याला नाकारायचा तर गुन्हा नैतिक अधःपतनाचा हवा, शिक्षा किमान दोन वर्षांची हवी आणि ती गेल्या पाच वर्षांत झालेली हवी. म्हणजे दंड भरून सुटलेला माणूस खुशाल परदेशी जाऊ शकतो. खटला संपूनही ज्याच्या नावापुढे तो चालूच दिसतो, तो मात्र घरी बसतो. आमच्या गड्याला हवा होता तो खटला संपल्याचा कागद, निकालाची खरी नक्कल.

नक्कल विभागाच्या खिडकीत बसलेल्या मॅडमनी अर्ज हातात घेतला आणि लगेच परत दिला. “केस नंबर?”

यानं गाडीचा नंबर सांगितला. तो त्याला तोंडपाठ होता, विकलेल्या गाडीचा असूनही.

“अहो दादा, एका केसला चार नंबर असतात,” मॅडम म्हणाल्या. “गाडीचा तुमचा. गुन्हा रजिस्टर नंबर पोलिसांचा. एससीसी नंबर आमचा. आणि सीएनआर कॉम्प्युटरचा. लोक पहिला घेऊन येतात. आम्हाला तिसरा लागतो.”

रागावून नव्हे, दिवसातून कितीदा तरी म्हणावं लागत असल्यासारखं त्या हे बोलल्या. एससीसी म्हणजे समरी क्रिमिनल केस. वाहतुकीचे बहुतेक किरकोळ खटले याच सदरात, संक्षिप्त पद्धतीनं चालतात. सीएनआर ही ई-कोर्ट्स प्रकल्पाची देणगी: सोळा अक्षरं-आकडे, सुरुवातीला राज्य आणि जिल्हा, मग न्यायालयाचा संकेतांक, मग क्रमांक, शेवटी वर्ष. हे सोळा हाती असले की देशात कुठूनही मोबाइलवर त्या खटल्याच्या तारखा आणि स्थिती दिसते. नसले, तर नावावरून किंवा ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष घालून शोधायची सोय आहे.

“सगळं ऑनलाइन आहे आता,” व्हरांड्यातल्या एका तरुण वकिलानं आम्हाला ऐकवलं. मोबाइल काढून शोधलंही. काही आलं नाही. मग लक्षात आलं की प्रलंबित आणि निकाली हे पर्याय वेगळे असतात, आणि निकाली खटला प्रलंबितमध्ये शोधला तर जन्मात सापडणार नाही. निकालीमध्ये पाहिलं, तरीही नाही. दोषारोपपत्रावर त्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं पडलं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. ऑनलाइन आहे हे खरंच. पण ज्याला आपला नंबर आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी.

मॅडमनी मागच्या दाराकडे हात केला. “भाऊसाहेबांना विचारा. त्यांना आठवतं.”

रेकॉर्ड रूम कोर्टाच्या मागच्या बाजूला होती. दार उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि त्याच्या पाठोपाठ कागदाचा, जुना, थोडा आंबूस. लोखंडी मांडण्यांवर छतापर्यंत कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकाला लोंबणारी पुठ्ठ्याची चिठ्ठी. टेबलापाशी निवृत्तीला आलेले एक गृहस्थ सुतळी सोडवत बसले होते. कापायची नाही, सोडवायची. तीच पुन्हा वापरायची. त्यांना अख्खं कोर्ट भाऊसाहेब म्हणतं.

त्यांनी चारांपैकी एकही नंबर विचारला नाही. “निकाल कधी लागला?” एवढंच विचारलं.

याला तारीख आठवेना. पावसाळा की उन्हाळा, आठवेना. “गर्दी होती का?” होती. “बाहेर मांडव?” होय, मांडव होता, चहा पण दिला होता! भाऊसाहेबांनी मान हलवली. “राष्ट्रीय लोकअदालत. डिसेंबर चौदा.”

त्यांनी मग मला समजावून सांगितलं. लोकअदालतीच्या दिवशी किरकोळ खटल्यांसाठी वेगळं टेबल असतं. गुन्हा कबूल म्हणायचं, दंड भरायचा, सुटायचं. ते लोकअदालतीचे निवाडे नसतात, दंडाधिकाऱ्यांचेच निकाल असतात. पण दिवस तोच. आणि निकाली कागद इथे निकालाच्या महिन्याप्रमाणे बांधले जातात. केस कधी दाखल झाली याला या खोलीत महत्त्व नाही. ती कधी संपली, यावर तिची जागा ठरते.

शिडी लावून त्यांनी गठ्ठा उतरवला. तव्यावरची भाकरी उलटावी तसे ते एकेक प्रकरण बोटांच्या टोकांनी उलटत गेले, कोपरा न दुमडता. अर्ध्याहून अधिक गठ्ठा संपल्यावर त्यांचं बोट थांबलं. “हे बघा, स्पेलिंग बघा तुमचं.”

मी पुष्कळ सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण या माणसाचा मला हेवा वाटला. देशभरच्या खटल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेला जे जमलं नाही, ते त्यांनी एका मांडवाच्या आठवणीवरून केलं. आणि त्यांच्या नोकरीत या कौशल्यासाठी कुठलाही रकाना नाही.

प्रकरण जेमतेम बोटभर जाडीचं. संक्षिप्त खटल्यात लांबलचक निकालपत्र नसतंच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 263 मध्ये दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायच्या दहा बाबी दिल्या होत्या: अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीची तारीख, फिर्यादीचं नाव, आरोपीचं नाव-गाव, गुन्हा, आरोपीचं म्हणणं, निष्कर्ष, शिक्षा, आणि शेवटी कामकाज संपल्याची तारीख. त्या दहाव्या ओळीसाठी आम्ही आलो होतो. रोजनाम्यात तेच थोडक्यात: आरोपी हजर, गुन्हा कबूल, दंड भरला.

“वेळेवर आलात,” गठ्ठा बांधताना भाऊसाहेब म्हणाले. “हे पुढच्या नाशाच्या यादीत आहेत.” न्यायालयाचे कागद वर्गवारी करून ठेवतात. काही कायम, काही ठरावीक वर्षांपुरते. किरकोळ खटल्यांचे कागद लवकर जाणाऱ्यांत.

पुढचं सोपं होतं. तिसरा नंबर मिळाल्यावर मॅडमनी अर्ज घेतला, कोर्ट फीचं तिकीट लावून घेतलं, पानांचे पैसे सांगितले. आरोपी स्वतःच आपल्या निकालाची नक्कल मागत असेल तर फार प्रश्न येत नाहीत. तिऱ्हाइताला मात्र कारण लिहून द्यावं लागतं, आणि न्यायाधीशांनी परवानगी दिली तरच नक्कल मिळते. माहिती अधिकारात अर्ज टाकून हा रस्ता टाळता येईल असं पुष्कळांना वाटतं, पण गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं की खटल्याचे कागद न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायचे. नक्कल आली ती गोल शिक्क्याची आणि तीन तारखांची: अर्ज केव्हा केला, नक्कल तयार केव्हा झाली, दिली केव्हा. या तारखांना किंमत आहे. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस वगळतात, ते याच तारखांवरून.

व्हरांड्यात आणखी एक जण ताटकळत होता. त्यानं सिग्नल तोडल्याचा दंड चौकातच भरला होता आणि त्याचा निकाल मागत होता. मॅडम त्याला सांगत होत्या की तो कोर्टात आलाच नाही. त्यांचं बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क भरलं की प्रकरण पोलिसांकडेच मिटतं. कोर्टात त्याचा कागद नसतो, जे काही असतं ते ई-चलनाच्या नोंदीत. न भरलेली चलनं पुढे लोकअदालतीत किंवा कोर्टात जातात. वाहतूक खटल्यांसाठी आभासी न्यायालयंही आहेत. आपल्याकडे 31 ऑक्टोबर 2020 ला तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या अशा न्यायालयाचं उद्घाटन केलं. आभासी न्यायालयाच्या संकेतस्थळावर चलन किंवा गाडीच्या नंबरावरूनही प्रकरण सापडतं. म्हणजे लोक जो पहिला नंबर घेऊन येतात, तो तिथे चालतो. ही सुधारणा कुणाला तरी सुचली याचा मला आनंद आहे. 2014 च्या माणसाला तिचा उपयोग नाही.

नक्कल घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी ती उलटसुलट पाहिली आणि गुन्हा रजिस्टर नंबर विचारला. म्हणजे दुसरा! तो प्रकरणातल्या दोषारोपपत्रावर होता आणि भाऊसाहेबांनी न मागता एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. अंमलदारांनी संगणकावर पाहिलं. जुने गुन्हे नंतर यंत्रणेत भरले गेले, निकालाचा रकाना रिकामाच राहिला, असं ते म्हणाले. कोर्ट पैरवीवरच्या माणसाकडून निकाल कळायला हवा होता. त्या डिसेंबरात एका दिवशी इतके निकाल लागले, कळणार किती?

मला त्या उत्तरात लबाडी दिसली नाही, पण ते पटलंही नाही. गुन्हा नोंदवायला पोलीस बाजारात चालत आले होते. त्याची खबर ठाण्यातून कोर्टात गेली आणि पुढे पडताळणीपर्यंतही बिनबोभाट पोहोचली. तो संपल्याची खबर मात्र कोर्टातून ठाण्यात न्यायला, मधे एक रस्ता आणि एक रिक्षाथांबा एवढंच अंतर असूनही, आरोपीलाच जावं लागलं. त्या वाटेवर मजुरी बुडते ती त्याची, आणि नक्कल मागायला एखाद-दोन वर्षं उशीर झाला असता तर दाखवायला कागदही उरला नसता.

म्हणून ज्याचा दंड आज कोर्टात भरला जातोय, त्यानं पावतीबरोबर चारही नंबर आणि निकालाची तारीख मोबाइलमध्ये टिपून ठेवावी, आणि नक्कल तेव्हाच मागावी. दोन प्रती मागाव्यात. ठाण्यात दिलेली परत मिळत नाही. आमच्या गड्यानं दुसरी पासपोर्ट कार्यालयासाठी ठेवली आहे. रकाना भरला गेला की नाही, हे विचारायला तो सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे.